रोड रॅश परत यायलाच पाहिजे : आपापले अनुभव लिहा (अनुभव धागा)

मंडळी, दिवाळीत साताऱ्याला घरी गेलतो, माळा आवरताना सीडींचा एक डबा सापडला आणि त्यात मार्करनं 'रोड रॅश' लिहिलेली सीडी, माझ्याच नववीतल्या अक्षरात. रोड रॅश म्हणजे ती बाईकच्या रेसची गेम, चालत्या गाडीवरनं शेजारच्याला हाणायची. शिडीवरच बसलो मी ती हातात घेऊन, खालून आई हाका मारतीय, मला काय ऐकूच येईना.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. पहिला रोड रॅश १९९१ चा, सेगा कंपनीच्या गेम खेळायच्या मशीनवरचा. आपल्याकडं बहुतेकांना माहितीय तो १९९६ चा विंडोजवाला. मग प्लेस्टेशनवर २००० साली त्याचाच जेलब्रेक नावाचा भाग आला, तोच २००३ ला गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर, आणि तिथनं पुढं पीसीवर नाही की कन्सोलवर नाही. वीस वर्षांच्या वर झाली लगा.

तर लिहा. आधी गाव आणि साल, मग कुठं खेळलात, काय आठवतंय, आणि नवीन आला तर त्यात काय असलंच पाहिजे. रोड रॅशच पाहिजे असं काय नाही, बंद पडलेली कुठलीपण रेसिंगची गेम चालेल.

माझ्यापासनं सुरुवात करतो.

सातारा, १९९९. पोवई नाक्याजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, शनिवारी शेवटची वीस मिनिटं सर गेम लावू द्यायचे. मशीन चार आणि पोरं बारा, म्हणजे एका कीबोर्डवर तिघं. एकजण बाण दाबून गाडी चालवणार, दुसरा मारायची बटणं सांभाळणार आणि तिसरा नुसता ओरडणार, 'डावीकडनं आला रे, चेन हाय त्याच्याकडं!' आमचा सगळ्यात भारी मारणारा पोरगा वर्गात एक शब्द बोलायचा नाही कधी, पण समोरच्यानं दंडुका उगारला की बरोबर त्या क्षणाला बटण दाबून तो दंडुकाच हिसकावून घ्यायचा. एका सेकंदाचा पण खेळ नव्हता तो. हिसकावला की अख्खा क्लास उठून उभा राहायचा.

आणि पडल्यावरचं आठवतंय का? गाडीला धडकून माणूस लांब उडायचा, मग उठून पळत पळत रस्ता ओलांडून आपल्या बाईककडं यायचा, तेवढ्यात मागनं पाच-सहा जण पुढं निघून जायचे. ते पळणं बघताना जीव खालीवर व्हायचा. आत्ताच्या गेममध्ये पडलं की स्क्रीन काळी होते आणि दोन सेकंदांत परत गाडीवर बसवतात. नवीन रोड रॅशमध्ये ते पळणं असलंच पाहिजे, माझी पहिली अट हीच.

सांगली, विश्रामबाग, २००१. माझी गोष्ट जरा वेगळीय. आमच्याकडं जी कॉपी होती ती कुणीतरी बारीक केलेली, गाणी आणि व्हिडिओ सगळं काढून टाकलेली, म्हणजे कमी जागेत बसावी म्हणून. मला वाटायचं ही गेम अशीच आहे, मेनूत गप्प आणि रेस लागली की मागं ते इलेक्ट्रॉनिक म्युझिक. चार वर्षं तशीच खेळलो. मग इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो, होस्टेलवर एकाकडं पूर्ण सीडी होती, त्यानं लावली आणि मेनूतच साउंडगार्डन या अमेरिकन रॉक बँडचं गाणं सुरू झालं, रस्टी केज. मी दारातच उभा राहिलो. असलं गिटार मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आमच्या घरी नाट्यसंगीत आणि सकाळचा रेडिओ. त्या आठवड्यात मी रेस कमी आणि मेनूच जास्त चालू ठेवला, रूममेट वैतागले. पुढच्या सुट्टीत मिरजेत जाऊन गिटार घेतली, सतारीच्या गल्लीतनं, दुकानदार काका म्हणाले बाळा हे आमचं वाद्य नाही पण तारा लावून देतो. अजून आहे माझ्याकडं. मे २०१७ मध्ये त्या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल गेला तेव्हा मी ऑफिसातनं लवकर घरी आलो आणि कुणाला कारण सांगता येईना.

म्हणून माझं म्हणणं, नवीन भाग येवो न येवो, आधी तो १९९६ चाच नीट करून द्या, गाण्यांसकट. मला वाटतं गाण्यांच्या हक्कांमुळंच ते अवघड असणार. पण गाणी काढून रोड रॅश दिला तर मी चार वर्षं जे खेळलो तेच पुन्हा होणार.

कराड, २००३. तासाला वीस रुपये, सायबर कॅफे. बाबांनी दिलेले एसटीचे पैसे वाचवून चालत घरी जायचो. बस्टेड झालो, म्हणजे गेममधल्या पोलिसानं पकडलं, आणि दंड भरायला पैसे नसले की गेम संपायची, ते मला खऱ्या पैशासारखं लागायचं. बाकी वरच्या दोघांनी लिहिलंय तेच.

वाई, २०००. मुली खेळायच्या का, तर हो, खेळायच्या. मामाच्या घरी कॉम्प्युटर होता, मे महिन्यात आम्ही सात भावंडं. पाळी लावायची ठरली की भाऊ म्हणायचे तुला काय जमणार, तू फक्त बघ. दुपारी सगळे कृष्णेवर पोहायला गेले की मी आणि मामी, आम्ही दोघी लावायचो. मामीनं तोपर्यंत सायकलपण चालवली नव्हती. गेममध्ये रायडर निवडताना बायकापण असतात हे मामीनंच पहिल्यांदा बघितलं, 'अगं ही बघ, ही घेऊ' म्हणाली, आणि मग रोज तीच घ्यायची. तिला जिंकायचं नसायचं, तिला तो हायवे बघायचा असायचा. सिएरा नेवाडाचे डोंगर आले की हळू चालवायची आणि म्हणायची पसरणी घाटासारखंच आहे की गं. महिन्याच्या शेवटी भावांसमोर आम्ही पहिला नंबर काढून दाखवला, तो दिवस मी विसरणार नाही.

मामी पुढं चाळिशीत स्कूटी शिकली. आता ती नाही. नवीन रोड रॅश आला तर मी तीच बाई रायडर शोधणार आहे.

इस्लामपूर, २०१७. सगळ्यांना सांगतो, रोड रिडेम्प्शन आहे की. २०१३ ला लोकांकडनं वर्गणी काढून सुरू केलेली आणि २०१७ ला पूर्ण आलेली, रोड रॅशच्याच धर्तीवर. मी पहिल्याच आठवड्यात घेतली. चांगली आहे, मनापासनं केलेली आहे, आणि चौघांना एका स्क्रीनवर खेळता येतं हे तर रोड रॅश २ च्या दोघांच्या स्क्रीनपेक्षा पुढचं. माझा पुतण्या आणि मी शंभर तास तरी खेळलो असू. पण त्यात तलवारी आहेत, बंदुका आहेत, इमारतींच्या छपरावरनं गाड्या पळतात, मेलं की परत पहिल्यापासनं. रोड रॅशमध्ये साधा रस्ता होता, समोरनं येणारी गाडी, बाजूला एक माणूस आणि हातात एक साखळी. तेवढ्यावर सगळं उभं होतं. बनवणाऱ्यांना माझा नमस्कारच आहे, पण भूक भागली नाही.

रोड रॅश ३ मध्ये ब्राझील, केनिया, जपान असे देशोदेशीचे रस्ते होते. मग खंबाटकी का नाही? एस कॉर्नर, ट्रकांची रांग, धुकं. आताचं तंत्र बघता हे अवघड नाही.

मिरज, २००२. मी रोड रॅशवाला नाही, मिडटाउन मॅडनेसवाला. १९९९ ची गाड्यांची गेम, शिकागो शहर, कुठंपण फिरा. माझे वडील एसटीत ड्रायव्हर, सांगली डेपोला. गेममध्ये सिटी बस घेता यायची आणि मी कायम बसच घ्यायचो, मित्र हसायचे, स्पोर्ट्स कार सोडून बस घेतो म्हणून. वडील रात्रपाळी करून आले की खुर्ची ओढून मागं बसायचे आणि बघायचे. वळताना म्हणायचे, 'आधी बाहेर काढ, मागचं चाक आत येतं, घासंल.' मला वाटलं गेममध्ये काय त्याचं, पण तसं वळवलं की खरंच नीट वळायची. कधीकधी ते नुसतंच सिग्नलला थांबायला लावायचे, लाल आहे म्हणून, आणि मी थांबायचो. पूल वर उचलायला लागला की दोघंपण श्वास रोखून बघायचो.

तिसरा भाग २००३ ला फक्त एक्सबॉक्सवर आला, आम्हाला तो कधी मिळाला नाही, आणि त्यानंतर काहीच नाही. वडील आता रिटायर झालेत. नवीन आली तर मोठा टीव्ही, स्टिअरिंग आणि ते चालवणार, मी मागं खुर्ची ओढून बसणार. मला बाकी काय नको.

सांगली, मारुती चौक, १९९८ आणि २०१९. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, रात्रीचा एक वाजलाय. माझी सीडी ओरिजिनल होती, काकांनी मुंबईहून आणलेली, लॅमिंग्टन रोडवरनं, डबा आणि पुस्तिकेसकट. २००५ च्या पुरात पहिल्या मजल्यावर नेऊन वाचवली. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आम्ही आई-वडिलांना घेऊन बाहेर पडलो, कागदपत्रं, औषधं, देव, एवढंच घेतलं. सात-आठ दिवसांनी परत आलो तेव्हा कपाट आडवं झालेलं, आत चिखल, आणि चिखलात तो डबा. पुस्तिकेचा लगदा झालता. सीडी मी धुतली, साबण लावून, मऊ फडक्यानं, आतून बाहेर पुसायची असते तशी. घरात धुवायला एवढं पडलं असताना मी सीडी धुवायलोय म्हणून बायको बघत उभी राहिली, पण काय बोलली नाही, दुसरं फडकं आणून दिलं.

धाकटा नऊ वर्षांचा झालाय आता. मागच्या महिन्यात जुन्या ड्राइव्हमध्ये ती सीडी घातली, फिरली, फोल्डर दिसला. पण नवीन विंडोजवर इन्स्टॉलच होईना. साताऱ्याचे भाऊ, आणि ज्यांना जमलंय ते, कसं चालवायचं ते नीट एकेक पायरी करून इथंच लिहा. पोराला सांगितलंय रविवारी लावू म्हणून.