पहिली जुनी लष्करी रायफल: मोसिन की इशापूर?

डॅलसकर
ग्रीन कार्ड आलं, आता रेंजवरच्या भाड्याच्या बंदुका पुरे. जुनी बोल्टची (दर गोळीमागे हाताने खिट्टी ओढायची) रायफल घ्यायचीय, खिसा बेताचा. दोन हाताळल्या: १९४२ ची रशियन मोसिन-नागांत ९१/३० आणि आपल्या बंगालमधल्या इशापूर कारखान्याची २ए१. मन मोसिनकडे झुकतंय, थोडी स्वस्त आहे. विक्रेता म्हणतो, सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात. (बायको म्हणते दोन्ही नकोत. तो धागा वेगळा.)

गंजकाढू
नंबर जुळणारच! सोव्हिएत डागडुजीत ते नव्याने ठोकलेत. त्याचे जास्तीचे पैसे देऊ नकोस.
आणि स्वस्त कसली? एकेकाळी शंभर डॉलरच्या आत मिळायची, तेव्हा ठीक होतं. वर तिचं ७.६२×५४ आर काडतूस. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांना चाप लावला. जुना लष्करी साठा मिळालाच तर त्याच्या प्रायमरचे (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीचे) क्षार नळीत राहतात. ते तेलाने निघत नाहीत, पाण्यानेच धुवावे लागतात. मी एकदा आळस केला. आठवड्याभरात नळी आतून तांबूस.
इशापूर घे. तिचं काडतूस, ७.६२ नाटो, कुठेही मिळतं. आणि ज्या थ्री-नॉट-थ्री पोलिसांच्या खांद्यावर बघत मोठे झालो, तिचीच ही धाकटी बहीण.

दस्तापुराण
बहीण म्हणून रायफल घेतात का? २ए१ साठच्या दशकातली, पोलाद सुधारलेलं, मान्य. पण सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा, म्हणजे त्याच थ्री-नॉट-थ्रीचा; बोल्टचे लग (दाब झेलणारे दात) मागच्या बाजूला, म्हणून पकड जरा कमी. दुकानातली शिकारीची ३०८ काडतुसं (नाटोचीच नागरी जुळी) भरली की दाब नाटोपेक्षा जास्त असू शकतो. मोसिन रांगडी खरी, पण लग पुढे. बोल्ट अडकतो म्हणून लोक बोंबलतात, तेव्हा बहुतेक वेळा चेंबरमध्ये (काडतूस बसतं तिथे) कॉस्मोलिन, म्हणजे गंजरोधक ग्रीस, वाळलेलं असतं. घासून काढा, पळते.

गंजकाढू
मग ३०८ भरू नका! नाटोसाठीच घडवलीय ती. आणि मोसिनचा धातूचा बट-प्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी) खांद्यात बसला की वीस गोळ्यांत हौस फिटते.

दस्तापुराण
इशापूरलाही धातूचाच आहे, साहेब.

एच१बीवाला
मलाही घेता येईल का?

दस्तापुराण
एच-१बीवर सरसकट नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर फेडरल कायद्यात सूट आहे. वकिलाला विचारा, इथे नको.

डॅलसकर
गनस्मिथला फोन केला. दोन्हींचा हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधली काडतुसाची जागा) तपासायला तयार आहे, पण विक्रेता इशापूर दुकानाबाहेर न्यायला देत नाही.

गंजकाढू
मग ती सोड. दुसरी शोध. इशापूरच.