वर्ड्‌सवर्थच्या पोरकेपणाला निसर्गाचा आधार कितपत होता?

प्रश्न
इंग्रज कवी वर्ड्‌सवर्थविषयीच्या लेखांत हमखास वाचायला मिळते की पोरक्या झालेल्या या मुलाला डोंगरांनी आणि तळ्यांनी सांभाळले. १७७८ मध्ये आई वारली तेव्हा त्याला आठवे वर्षही पुरे झाले नव्हते आणि १७८३ च्या डिसेंबरअखेर वडीलही गेले. एवढ्या दुःखाला निसर्ग खरोखर पुरा पडला असेल, की हे कवीने मोठेपणी रंगवलेले चित्र आहे?

पहिला प्रतिसाद
निसर्गाआधी अ‍ॅन टायसन या बाईंचे नाव घेतले पाहिजे. १७७९ मध्ये त्याला हॉक्सहेडच्या शाळेत घातले, तेव्हापासून तो त्यांच्याकडे राहत असे. शाळा भरण्यापूर्वी एस्थवेट तळ्याभोवती भटकणाऱ्या आणि थंडीत गोठलेल्या पाण्यावर अंधार पडल्यानंतरही घसरत राहणाऱ्या मुलाला त्यांनी घरात कोंडून ठेवले नाही. पेनरिथला आजोळी मात्र या भावंडांना दुरावाच मिळाला, आणि डोंगर काही तिथून फार लांब नव्हते. म्हणजे नुसता निसर्ग जवळ असून भागत नव्हते, माणूसही लागत होते.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी सहमत आहे. लेखनाचेही तसेच झाले. मुख्याध्यापक विल्यम टेलर यांनी सुट्टीवर कविता करायला सांगितली, पुढे १७८५ मध्ये शाळेच्या द्विशताब्दीसाठीही त्याच्याकडून पद्य लिहून घेतले गेले, आणि त्यानंतर तो आपल्या मनाने लिहू लागला. म्हणजे सुरुवात गृहपाठातून झाली! शिवाय धाकटी बहीण डोरोथी आई गेल्यावर हॅलिफॅक्सला नातलगांकडे पाठवली गेली होती. तिची भेट १७८७ मध्येच झाली, त्यामुळे मधल्या काळात मन मोकळे करायला हक्काचे माणूस जवळ नव्हते.

तिसरा प्रतिसाद
‘आधार’ हा शब्दच मला अपुरा वाटतो. नाताळच्या सुट्टीत घरी नेणाऱ्या घोड्यांची उतावीळपणे वाट पाहत तो एका कड्यावर बसला होता. धुके होते, शेजारी एक मेंढी आणि एक काटेरी झाड होते. घरी पोहोचून दहा दिवस होण्याआधीच वडील वारले आणि आपल्या त्या उतावीळपणाची ही शिक्षा आहे असे त्याला वाटले. १७९९ पर्यंत लिहून झालेल्या आत्मचरित्रपर काव्यात तो त्याच मेंढीकडे, वाऱ्याकडे आणि पावसाकडे पुन्हा वळतो, आणि त्यांतूनच बळ मिळते असे सांगतो. ज्या दृश्याने अपराधी वाटायला लावले तेच पुढे उपयोगी पडले, हे मला कोणत्याही रम्य वर्णनापेक्षा अधिक खरे वाटते.