फेनिटॉइनला हा हिशेब चालत नाही
डोस दुप्पट केला की रक्तातली पातळीही दुप्पट होते, हा साधा हिशेब बहुतेक औषधांना लागू पडतो, पण फिट्सवरच्या फेनिटॉइनला नाही. त्याचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पुरतं गुंतलेलं असतं, म्हणून तिथे १९१३ सालचं मायकेलिस-मेंटेन समीकरण, म्हणजे एन्झाइमच्या कामाचा वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही हे धरून मांडलेलं गणित, वापरावं लागतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर ठीक असलेल्या पेशंटला थेट ४०० दिले, तर पातळी दुपटीच्याही वर जाऊ शकते.

मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही नेहमीची मर्यादा. ती ओलांडली की बाजूला बघताना बुबुळं थरथरतात, चालताना तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला. अशा वेळी डॉक्टरांना विचारून आधी पातळी तपासून घ्या. रक्तातलं औषध धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर रिपोर्ट नॉर्मल दिसूनही मोकळं औषध जास्त असू शकतं, तेव्हा तेही बघाच.