मदत हवी आहे: १८० लिटर गाळायचे आणि १७८ लिटर परत घ्यायचे, हा उलटा कारभार कशासाठी?

हिशेबी मामा

भाची अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. मी जमाखर्चाच्या धंद्यातला, जीवशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच. तरी परवा ती मूत्रपिंडाची आकृती काढत होती तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अगं सोपंय, चाळणी आहे ती. चांगलं रक्त राहतं, घाण खाली पडते."

तिने पुस्तकातले आकडेच समोर टाकले. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव गाळतात, म्हणजे दिवसाला १८० लिटर. लघवी होते दीड ते दोन लिटर. बाकीचं ९९ टक्के पुन्हा रक्तात. "मामा, चाळणीतून खाली पडलेलं सगळं कुणी उचलून परत वर टाकतं का?"

मी गप्प. माझ्याकडे असा ताळेबंद आला असता तर मी आधी संशयच घेतला असता. दोन लिटर टाकायचंय तर दोनच लिटर गाळा ना! पुस्तकात 'निवडक पुनःशोषण' असं लिहिलंय, पण ते नाव झालं, कारण नाही. निवडतं कोण? आणि आधी बाहेर काढायचंच कशाला?

परीक्षेपुरतं तिला येतं. मला मात्र तिच्यासमोर पुन्हा तोंड उघडायचंय, म्हणून जाणकारांनी समजेल असं सांगावं ही विनंती.

खटपट्या

काम केल्याचं दाखवायला. आमच्या हापिसात हेच चालतं. (हलके घ्या.)

वैद्यबुवा नव्हे

भाचीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आम्ही हे आकडे घोकले, पण हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

टेबलाचा एक खण डोळ्यांसमोर आणा, वर्षानुवर्षं न आवरलेला. तो साफ करायच्या दोन रीती. एक, खणात हात घालून एकेक निरुपयोगी वस्तू शोधून फेकायची. यात प्रत्येक कचरा ओळखता आला पाहिजे. दुसरी, खण सरळ जमिनीवर उपडा करायचा, आपल्या कामाच्या चार वस्तू उचलून परत ठेवायच्या आणि उरलेलं, ते काय आहे हे न बघता, केरात लोटायचं.

मूत्रपिंड दुसऱ्या रीतीने चालतं. हव्या असलेल्या गोष्टींची यादी आटोपशीर आहे: पाणी, सोडियम, ग्लुकोज, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट आणि अजून काही. नको असलेल्यांची यादी मात्र कधीच पुरी होणार नाही. उद्या एखादं नवंच रसायन पोटात गेलं, तर त्याच्यासाठी खास दरवाजा असण्याची गरज नाही. ते पाण्यात विरघळणारं आणि पुरेसं लहान असलं की गाळलं जातं, आणि त्याला परत उचलणारं कुणी नसतं. गेलं.

आता 'चाळणी'बद्दल. मामा, तुम्ही अगदीच चुकलेले नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक नळ्या, असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, ग्लोमेरुलस. तेवढा भाग खरोखर चाळणी आहे. एरवी केशवाहिन्या पुढे शिरेला मिळतात. इथे मात्र आत येणारीही धमनिका आणि बाहेर जाणारीही धमनिकाच. बाहेरची वाट आवळलेली असल्यामुळे आत दाब चढा राहतो आणि द्रव बाहेर ढकलला जातो. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मागे राहतात. साखर, मीठ, युरिया हे सगळे लहान रेणू पाण्याबरोबर बाहेर. चाळणीला चांगलं-वाईट कळत नाही, फक्त लहान-मोठं कळतं (आणि थोडाफार विद्युतभार). निवड होते ती पुढच्या नळीत, आणि ती नळी चाळणी नाही.

रक्तातला प्लाझ्मा असतो जेमतेम तीन लिटर. १८० भागिले तीन, म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो, दर चोवीस मिनिटांनी एकदा. म्हणून तर जास्तीचं पाणी प्यायलं तर दोन-तीन तासांत त्याचा निकाल लागतो. दिवसाला दोनच लिटर गाळले असते तर रक्तातली गडबड निस्तरायला फार वेळ लागला असता.

एक पुस्ती जोडतो, नाहीतर कुणीतरी पकडेल. काही पदार्थ नळीच्या पेशी रक्तातून उचलून मुद्दाम लघवीत टाकतातही. पेनिसिलिन त्यातलंच. १९४१ साली ऑक्सफर्डला सुरुवातीच्या रुग्णांवर ते वापरलं तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की रुग्णाच्या लघवीतून काढून पुन्हा टोचत. मूत्रपिंड ते शरीरात टिकूच देत नव्हतं. आणि उलट बाजूने, युरिया हा कचरा खरा, पण गाळलेल्यापैकी जवळपास अर्धा परत आत येतो. म्हणजे खणाची उपमाही काटेकोर नाही.

हिशेबी मामा

खण! हे तिला लगेच पटेल, तिचा स्वतःचा तसलाच आहे.

पण परत उचलायला मजुरी पडत असेल ना? तो खर्च कुठे दाखवलाय? आणि तिचा उपप्रश्न: साखर सगळी परत येते तर मधुमेहात लघवीत कशी उतरते?

वैद्यबुवा नव्हे

मजुरी भरपूर पडते. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच त्यांच्याकडे जातो. त्यांच्या बऱ्याचशा ऊर्जेचा खर्च एकाच कामावर होतो, सोडियम परत आत ओढण्यावर. हिशेबच करून बघा: १८० लिटरमध्ये विरघळलेलं सोडियम मिठाच्या रूपात मोजलं तर दिवसाला जवळपास दीड किलो होतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत येतं. सोडियमच्या मागोमाग पाणी आपोआप येतं, आणि ग्लुकोज त्याच गाडीत बसून येतं.

त्या गाड्या मोजक्या असतात. नेहमीच्या दिवशी १८० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज गाळलं जातं आणि सगळं परत नेलं जातं. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की गाड्या भरून वाहतात आणि उरलेली साखर लघवीत. (दोन्हीकडे १८० आलं हा योगायोग, तिने घोळ घालू नये.) मधुमेहाच्या औषधांचा एक नवा गट तर मुद्दाम याच गाड्या अडवतो, म्हणजे साखर लघवीवाटे जाऊ द्यायची.

फळा-खडू

मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. वरचं उत्तर छानच, पण पाण्याचा शेवटचा निर्णय राहिला. जवळजवळ दोन तृतीयांश पाणी नळीच्या सुरुवातीलाच, काही न विचारता परत येतं. त्यानंतर हेन्लेचा वळसा, म्हणजे त्याच नळीचं खाली जाऊन परत वर येणारं वळण. याकोब हेन्ले या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. मुलं त्याला पाठांतराची शिक्षा समजतात. खरं तर हा वळसा मूत्रपिंडाच्या आतल्या भागात खारटपणा साठवून ठेवतो, बाहेरच्या भागाच्या चौपटीपर्यंत. मग संग्राहक नलिका त्या खारट भागातून खाली उतरते. शरीरात पाणी कमी असलं की मेंदूकडून एडीएच हे संप्रेरक येतं, नलिकेच्या भिंतीत पाण्याची दारं बसवली जातात, आणि खारटपणा पाणी बाहेर ओढून घेतो. लघवी गडद होते. पाणी मुबलक असलं की दारं काढून घेतात, लघवी फिकट. या दारांना अॅक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, दोघांत विभागून.

आता आकृतीबद्दल, कारण पेपर मी तपासते! दोन्ही मूत्रपिंडं एका रेषेत काढू नये, उजवं जरा खाली, वर यकृत आहे. आणि मूत्रवाहिन्या मूत्राशयाच्या डोक्यावर आणून चिकटवू नयेत. त्या मागून, खालच्या बाजूला, भिंतीतून तिरक्या आत शिरतात. मूत्राशय भरला की ती तिरकी वाट आपोआप दाबली जाते आणि लघवी उलटी वर चढत नाही. झडप न बसवता झडपेचं काम. दरवर्षी निम्मा वर्ग इथे चुकतो आणि दरवर्षी माझी चिडचिड होते.

मुतखडा दोनदा

मूत्रवाहिनीचा विषय निघालाच आहे तर अनुभवी माणसाचं ऐका. ती २५ ते ३० सेंटीमीटरची नळी नुसती पाइपासारखी पडून नसते, आकुंचनाच्या लाटांनी लघवी पुढे ढकलते. आडवे झोपलात तरी काम चालू. आणि ती तीन जागी अरुंद आहे: मूत्रपिंडातून निघते तिथे, श्रोणीच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. माझा पहिला खडा तिसऱ्या नाक्यावर अडकला होता. ती लाट खड्यावर आपटते तेव्हा काय होतं ते लिहीत नाही, भाची वाचेल.

रिपोर्टवाली

मी प्रयोगशाळेत काम करते. मामा हिशेबातले आहेत म्हणून एक व्यस्त प्रमाण सांगते. क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ, स्नायूंतून रोज साधारण ठरलेल्या प्रमाणात रक्तात येतं. गाळण्याचा वेग निम्मा झाला की काही काळाने रक्तातलं क्रिएटिनिन दुप्पट होऊन स्थिरावतं. एखाद्याचं मुळात ०.६ असेल तर निम्मी क्षमता गेल्यावर ते १.२ होईल, आणि कागदावर ते बहुतेक वेळा 'नॉर्मल'च्या हद्दीतच दिसेल. म्हणून हल्ली क्रिएटिनिनच्या शेजारी वय आणि लिंग धरून काढलेला गाळण्याचा अंदाजी वेग छापतात. तो आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन आजार धरतात. माझ्या घरातल्या एका रिपोर्टवर दोन वर्षं सगळ्यांनी फक्त क्रिएटिनिन वाचलं. मी धरून. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही हवी, चाळणीची भोकं खराब होतायत हे तीच लवकर सांगते. ही माहिती म्हणून लिहिलंय, कुणी इथे रिपोर्ट टाकून सल्ला मागू नका.

हिशेबी मामा

सगळ्यांचे आभार. काल तिला खणाची गोष्ट सांगितली. ती ऐकून उठली आणि तिने खरंच स्वतःचा खण पलंगावर उपडा केला. माझं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं पेन त्यात निघालं. मागितलं तर म्हणाली, "ते आता माझ्या यादीत आहे," आणि परत खणात टाकलं.

खटपट्या

पुनःशोषण झालं हो मामा. नवीन घ्या.