बॅडमिंटनमधल्या शॉर्ट सर्व्हिसची अचूकता नक्की कशी मोजायची?

डबल्सप्रेमी: बॅकहँड शॉर्ट सर्व्हिसची प्रॅक्टिस करतोय. टी जवळ (पुढची सर्व्हिस लाइन आणि मधली लाइन मिळतात तिथे) टेपने चौकोन आखलाय आणि त्यात किती शटल पडतात ते मोजतो. आकडा चांगला येतो पण मॅचमध्ये समोरचा पुढे येऊन सरळ मारतो. मोजायची पद्धत बदलू का?

नेटजवळ: बदलच. डबल्समध्ये चांगली सर्व्हिस जमिनीवर पडतच नाही ना, रिसीव्हर नेटजवळच घेतो, त्यामुळे शटल नेटवरून किती उंचीने गेलं हे जास्त महत्त्वाचं. जुन्या फ्रेंच शॉर्ट सर्व्ह टेस्टमध्ये नेटच्या वर 20 इंचांवर, म्हणजे साधारण 51 सेंमीवर दोरी बांधतात, शटल दोरीखालून गेलं तरच गुण, आणि टी पासून आखलेल्या कमानींप्रमाणे 5 (टीच्या सगळ्यात जवळ) ते 1, अशा 20 सर्व्हिस. पण 51 सेंमी म्हणजे फारच सूट झाली, एवढी उंच सर्व्हिस चांगला रिसीव्हर सोडणार नाही. दोरी हळूहळू खाली आण.

पिसांचं_शटल: वरच्याशी सहमत. मोबाईल खांबाच्या बाहेर, बरोबर नेटच्या पट्टीच्या उंचीवर ठेव आणि स्लो मोशन लाव, वरून किंवा खालून शूट केलं तर अंतर फसवं दिसतं. नेट मध्यभागी 1.524 मी आणि खांबाशी 1.55 मी असतं हेही लक्षात ठेव. आणि सर्व्हिस करताना अख्खं शटल 1.15 मीटरच्या खाली आहे ना ते त्याच व्हिडिओत बघून घे, फॉल्ट सर्व्हिस धरून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही.

कोर्टवही: मला तर आत-बाहेर मोजणंच पटत नाही. कागदावर कोर्ट काढ आणि प्रत्येक शटल कुठे पडलं तिथे टिंब दे. सगळी टिंबं एकाच जागी पण पुढच्या सर्व्हिस लाइनच्या अलीकडे असतील तर रॅकेटचा अँगल किंवा जोर जरासा बदलायचाय, इकडेतिकडे विखुरली असतील तर हातच स्थिर नाही, दोन्हीचा उपाय वेगळा आणि चौकोनातल्या आकड्यात हा फरक दिसतच नाही. शटल सारख्याच अवस्थेतली घे, पिसं मोडली की उडणं बदलतं. आणि 10 मधल्या 7 च्या 8 झाल्या म्हणून सुधारणा धरू नकोस, तेवढं नशिबानेही होतं.

डबल्सप्रेमी: भारी, दोरी आणि टिंबं दोन्ही करतो. समोर खरा रिसीव्हर उभा केला तर?

नेटजवळ: आठवड्यातून एकदा कर. त्याला शटल खालून उचलावं लागलं, सपाट ढकलता आलं की वरून मारता आलं, एवढंच लिही. फक्त दरवेळी तोच रिसीव्हर ठेव, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलना होणार नाही.