'कर्म' आणि 'कर्म माझं!'

प्रश्न: कर्म म्हणजे आपण केलेली कृती. मग 'कर्म माझं!' म्हणत माणूस कपाळाला हात लावतो, तेव्हा त्यात त्याने केलेलं काय असतं?

उत्तर: काहीच नाही. तिथे अर्थ नशीब असाच आहे. 'फुटक्या कर्माचा', 'कर्मात नव्हतं' हेही त्याच घरातले. पण 'दैव देतं नि कर्म नेतं' ही म्हण पाहा. तिथे कर्म दैवाच्या विरुद्ध उभं आहे: मिळालेलं आपल्याच करणीने जातं. म्हणजे दोन्ही अर्थ भाषेत नांदतात.

अर्थ सरकला कसा, ते परंपरेतल्या विभागणीवरून कळतं. साठलेलं ते संचित, त्यातलं फळ द्यायला लागलेलं ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडतंय ते क्रियमाण. बोलण्यात कर्म म्हणजे नुसतं प्रारब्ध उरलं आणि आपल्या ताब्यातलं क्रियमाण गळून पडलं. हे मला फार खटकतं. बुद्धाच्या काळात आजीवक पंथाचा मक्खली गोसाल म्हणायचा की सगळं नियतीने ठरलेलं आहे, प्रयत्नाने काही बदलत नाही. बौद्ध आणि जैन दोघांनीही ते खोडून काढलं. बुद्धाने तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटलं. ज्या शब्दाने नियतीशी भांडण मांडलं, तोच आपण नियतीच्या अर्थाने वापरतो!

शंका: पण 'करावं तसं भरावं' असंही म्हणतोच की आपण.

उत्तर: म्हणतो, पण बहुतेकदा दुसऱ्याबद्दल. आजारी माणसाच्या उशाशी बसून 'भोग आहेत एकेकाचे' म्हणणं मला क्रूर वाटतं. मागच्या जन्माचा हिशेब कुणी पाहिलाय? स्वतःवर आलं की वाक्यरचनाच बदलते. 'मी चुकलो' याऐवजी 'माझ्या हातून चूक झाली'. इथे कर्ता झाली चूक, 'मी' नुसता वाटेत उभा. 'तुझे पैसे द्यायचे राहून गेले' यात तर 'मी' औषधालाही नाही. जबाबदार म्हणजे मुळात जवाब देणारा. आणि जाब विचारायचा तर वाक्यात कर्ता सापडायला हवा.

म्हणून नशीब म्हणायचं असेल तिथे नशीब किंवा प्रारब्ध म्हणावं, असं माझं मत. 'कर्मधर्मसंयोगाने' मात्र खुशाल वापरा, तो निव्वळ योगायोग.