पीटर फॉक: कोलंबोच्या आधी आणि पलीकडे

अमेरिकन अभिनेता पीटर फॉकबद्दल 'पीटर फॉक म्हणजे फक्त कोलंबो', म्हणजे त्या नावाच्या टीव्ही मालिकेतला पोलीस डिटेक्टिव्ह, असं म्हटलं जातं; हे मत मला पटत नाही. कोलंबोच्या भूमिकेत तो १९६८ साली आला. त्याआधीच १९६० आणि १९६१च्या चित्रपटांसाठी त्याला सहायक अभिनेत्याची ऑस्कर नामांकनं लागोपाठ मिळाली होती. वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे उजवा डोळा गमावलेला हा माणूस कनेटिकटमधली सरकारी नोकरी सोडून अभिनयाकडे वळला. केवढं धाडस! कोलंबोचा तो चुरगळलेला रेनकोटही त्याचा स्वतःचाच. पण त्याची खरी ताकद बघायची तर दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीसचा १९७४चा चित्रपट 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' जरूर बघा. त्यात फॉकने पदरचे पैसे घातले होते, आणि बायकोच्या भूमिकेतल्या जीना रोलँड्ससमोरचा त्याचा गोंधळलेला, चिडका, तरीही बायकोवर जीव टाकणारा नवरा कोलंबोची आठवणसुद्धा होऊ देत नाही.